डाव्या बाकाचा कोपरा

वडापच्या जीपमध्ये मोकळी जागा राहते असं कुणी सांगितलं तर त्याला खुशाल वेड्यात काढावं. कवठे महांकाळ ते जत या रस्त्यावर तर नाहीच नाही. तिथं दहा माणसांच्या गाडीत वीस कोंबतात, दोघं मागं लोंबकळतात, आणि तरीही ड्रायव्हर फाट्याफाट्यावर थांबून 'चला, मोकळीच हाय' म्हणून ओरडत असतो. पण लालासाहेबाच्या जोंग्यात मागच्या डाव्या बाकाचा दाराकडचा कोपरा मोकळा राहायचा. बाया एकमेकींच्या मांडीवर बसायच्या, म्हातारे खाली पत्र्यावर उकिडवे बसायचे, पण त्या हातभर जागेकडं कुणी सरकायचं नाही.

हे असं का, ते सांगायचं तर सीट बांधली तिथूनच सुरुवात करायला पाहिजे.

लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत आला आणि सत्त्याण्णव साली फौजेनंच लिलावात काढलेला एक जोंगा घेऊन गावात उतरला. जोंगा म्हणजे जीपचा थोरला भाऊ. ओढा असो, नांगरट असो, रेड्यासारखा मुसंडी मारून पलीकडं. पण मागं बसायला काही म्हणजे काही नव्हतं. नुसता हिरवा पत्रा आणि त्यात बाक काढल्याची भोकं. त्याची आई रंगूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "एवढा हत्ती आनलास, आन् अंबारी कुटं सांडली रं?"

धाकटा भाऊसो हसायला लागला. "आये, अंबारी मी बांधतो की. त्यात काय!"

भाऊसो साताऱ्याला एका गॅरेजात गाड्यांच्या सीटा बांधायच्या कामावर होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको राजनंदिनी कोरेगावकडची, बोलायला मोजकी. भावानं गाडी घेतली म्हटल्यावर पठ्ठ्यानं साताऱ्याचं काम सोडलं, ट्रंक आणि बायको घेऊन गावाला आला. म्हणाला, दादा पुढं स्टेअरिंगवर, मी मागं दारात, आपल्याला तिसरा माणूस नको.

मग अंगणात सीटचं काम सुरू झालं. भंगारातनं मोडक्या बसच्या सीटांच्या स्प्रिंगा आणल्या, त्या रॉकेलमध्ये बुडवून गंज काढला. अँगलचा सांगाडा धम्मपालनं वेल्डिंग करून दिला. धम्मपालचं कवठ्यात वेल्डिंगचं दुकान, दोघा भावांचा शाळेपासूनचा दोस्त. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर फोम आणि वर हिरवं रेक्झिन. भाऊसोची काम करायची रीत मात्र न्यारी होती. टेप त्यानं हातात धरलाच नाही. विटांवर फळी टाकायचा, माणसं आणून बसवायचा आणि खडूनं रेघा मारायचा. रंगूबाईला बसवलं, शेजारणीला बसवलं, धम्मपालला तर चार वेळा उठवलं-बसवलं.

"आरं, टेप लाव की मुडद्या," धम्मपाल वैतागला. "माझं ढुंगान म्हंजे काय मापटं हाय व्हय?"

"गाडीत टेप बसत न्हाई गड्या, मानूस बसतो," भाऊसो म्हणाला.

डाव्या बाकाच्या शेवटी, दाराजवळ, तो स्वतः बसला. एक पाय आत, एक पाय फळकुटावर. आपल्या मापानं तिथला काथ्या त्यानं तीनदा उसवून पुन्हा भरला, कारण माणसं हाकारणाऱ्याची जागा ती. तिथनंच पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

सीट झाली ती दिवाळीच्या तोंडावर. सकाळी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायचा तेवढ्यात भाऊसोला आठवलं की विहिरीवरची मोटर चालूच राहिलीय. जाता जाता म्हणाला, "दादा, माझी जागा धर. आलोच."

लालासाहेबानं हसत हसत खांद्यावरचा टॉवेल त्या कोपऱ्यात टाकला. एस. टी.त जागा धरायला खिडकीतनं टाकतात तसा.

मोटरची वायर उघडी पडली होती आणि भाऊसोचे पाय ओले होते. एवढंच. नव्या सीटवर पहिल्यांदा जो निजला तो भाऊसो, आणि दवाखान्यातनं परत आणताना त्याच्या अंगावर तोच टॉवेल होता.

लालासाहेब रडला नाही. फौजेतला माणूस, मान ताठ. आग दिली, घरी आला, आणि अंगणात गाडीकडं तोंड करून बसून राहिला. राजनंदिनीला तेव्हा दिवस गेलेले होते, नुकतेच.

दहाव्याला अग्रणी नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवले. आणि कावळा शिवेना. करंजाच्या झाडावर कावळे दहा-बारा, माना वाकड्या करून बघतायत, पण एक उतरेल तर शपथ. मामा पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "बायकोचं बगू आमी, काळजी करू नगंस." कावळा ढिम्म. रंगूबाई म्हणाली, "लेकरा, तुझ्या लेकराला तळहातावर वाढवीन." ढिम्म. ऊन चढायला लागलं, ज्याच्या मनात येईल ते जो तो कबूल करायला लागला. शेवटी लालासाहेब उठला. पिंडाजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, गाडीतली तुझी जागा कुनाला देनार न्हाई. तुझी ती तुझीच."

झपकन एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. म्हातारे म्हणाले, गाडीतच जीव अडकला होता बघा पोराचा. लालासाहेबाला तर बरंच वाटलं. पण शब्द देताना माणसानं विचार करावा. जित्याला दिलेला शब्द मोडला तर तो दारात येऊन भांडतो, शिव्या देतो, मोकळा होतो. मेलेल्याला दिलेल्या शब्दाचं काय करायचं हो?

तेराव्यानंतर गाडी रस्त्याला लागली. पहिले काही दिवस लालासाहेब तोंडानं सांगायचा, "तितं नगं पावणं, हिकडं बसा." मग सांगायची गरज उरली नाही. माणसं आपोआपच तो कोपरा सोडून बसायला लागली. कडेवरची पोरं तिकडं बघून खुदखुदायची, आणि त्यांच्या आया पोरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या. एकदा जतकडचा बिराप्पा धनगर, लोकरीचं गाठोडं घेऊन, गर्दीत नेमका तिथं टेकला. पुढच्याच फाट्याला उतरला तो पांढराफटक पडून. "अल्लि यारो कुंतार," असं आधी कानडीत पुटपुटला, मग लालासाहेबाला म्हणाला, "तितं मानूस बसलाय की ओ. मांडीला मांडी लागली माझ्या." आणि राहिलेली वाट बिचारा चालत गेला.

लालासाहेबाला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. उलट त्याच्या जिवाला थारा मिळाला. कारण दर फाट्यावर माणसं चढली-उतरली की मागनं पत्र्यावर दोन थापा पडायच्या. मागं वळून बघायचं नाही, गिअर टाकायचा. गाडी रिकामी असली की तो बोलायचा. पाऊसपाणी, आईचे गुडघे, कुणाचं बोअर आटलं, कुणाच्या द्राक्षावर करपा आला, सगळं. उत्तर यायचं नाही, पण कुणीतरी ऐकतंय हे माणसाला कळत असतं.

गाडीची मागची डावी बाजू दबलेली राहायची. धम्मपालनं एकदा खाली झोपून बघितलं, चाकावरचा स्प्रिंगचा पाटा बदलला, नवा घातला. गाडी जॅकवरनं उतरली आणि डावीकडं तश्शी बसली. धम्मपाल हात पुसत उभा राहिला.

"माझा भुताखेतावर इस्वास न्हाई, लाला. बावीस प्रतिज्ञा पाळनाऱ्या बापाचा पोरगा हाय मी," तो म्हणाला. "पन लोखंड खोटं बोलत न्हाई. तितं वजन हाय."

"हाय तर हाय," लालासाहेब म्हणाला.

"आरं पन किती दिस? जाऊ दे की गड्या त्याला."

"त्याची जागा हाय ती. तुला काय तरास हाय का?" लालासाहेब असा खेकसला की धम्मपाल पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

घरी रंगूबाईनं वेगळंच बंधन घातलं होतं. पोटुशी बाई, तिनं त्या गाडीच्या सावलीलाही जायचं नाही. गाडी अंगणात उभी, राजनंदिनीची खोली दहा पावलांवर. पण ती परसदारानं यायची, परसदारानं जायची. लालासाहेबाशी तर ती कधी शब्दही बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर डोईवरचा पदर पुढं ओढायचा आणि भिंतीकडं सरकायचं, ही त्या घरची रीत. जेवायला वाढतानाही ती सासूला सांगायची, सासू त्याला विचारायची, "भाकरी पायजे का इचारतीया." तिच्या मनात काय चाललंय ते लालासाहेबाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. पाडवा झाला की तिचा भाऊ न्यायला येणार होता. पण पाडव्याआधीच, ऐन दुपारी, चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या पोटात कळ आली आणि लुगडं भिजलं. आठवा महिना. रंगूबाईनं धोंडुबाई सुईणीला बोलावलं. अर्ध्या गावाची पोरं त्या म्हातारीच्या हातावर जन्मलेली. तिनं पोटावरनं हात फिरवला आणि तिचं तोंड उतरलं.

"आडवं हाय," धोंडुबाई म्हणाली. "माज्यानं व्हायचं न्हाई. मिरजंला न्या. आत्ताच्या आत्ता न्या, न्हाईतर दोनी जीव जात्यात बगा."

लालासाहेबानं जोंगा दाराशी लावला. धम्मपालही आला होता. त्यानं आणि बायांनी मिळून राजनंदिनीला उचलून आणलं. उजव्या बाकावर रंगूबाई आणि धोंडुबाई बसणार, डाव्या बाकावर हिला निजवायचं. बाक केवढा? पाय मुडपून एक माणूस जेमतेम निजेल एवढा. म्हणजे कोपऱ्यासकट सगळा.

आणि लालासाहेब दारात आडवा उभा राहिला.

"खाली निजवा," तो म्हणाला. "वाकळ हातरतो. दोन हातरतो. पन बाकावर नगं."

"पत्रा तापलाय तव्यावानी!" धम्मपाल ओरडला. "आन् खडीचा रस्ता हाय, येड्या!"

"मी शबूद दिलाय."

धोंडुबाई त्याच्या अंगावर धावून गेली. "मेल्याला बसाय बाक, आन् जित्या बाईला पत्रा व्हय रं? तुझ्या फौजेत हेच शिकीवलं का? हो बाजूला!"

पण तो हलेना. त्याला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. आपण करतोय ते वाईट आहे, भावाचंच पोर पणाला लागलंय, हे उन्हाइतकं लख्ख दिसत होतं. पण तिथं तिचं डोकं टेकलं की भाऊ उठून जाणार, आणि गेला की परत यायचा नाही, याची भीती त्याच्या पायांत शिशासारखी भरली होती. एकदा त्याला खांद्यावरनं नेला होता. दुसऱ्यांदा घालवायची छाती त्याच्यापाशी नव्हती.

तेव्हा राजनंदिनी बोलली. पदर खांद्यावर पडलेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले. थोरल्या दिराच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

"भावजी, कोन न्हाई तितं."

"तुला काय म्हाईत?"

"मला म्हाईत हाय. दहाव्याला तुमी पिंडापाशी हुतासा, तवा मी मागं बायांत बसलेली. तुमी जागंचं बोललासा, त्याच वक्ताला मी मनात म्हनलं, जावा. माजी काळजी करू नगा, लेकराची करू नगा, मागं बगू नगा, जावा तुमी. आन् कावळा शिवला. तुमच्या शबदानं न्हाई शिवला, माज्या शबदानं शिवला." तिला कळ आली, तिनं धम्मपालचं मनगट आवळलं, आणि कळ गेल्यावर पुन्हा म्हणाली, "मी सोडलंय त्यास्नी. ते गेल्यात. तुमी कुनासाटी जागा धरून बसलायसा?"

लालासाहेबाला तिचा राग आला, असा राग की हात उचलला जाईल. तिला काय अधिकार माझ्या भावाला घालवायचा? पण अधिकार कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. तो बाजूला झाला. धम्मपालनं तिला बाकावर निजवलं, डोकं दाराकडच्या कोपऱ्यात. धम्मपाल पुढं बसला आणि गाडी निघाली.

खडीचा रस्ता, वर फाल्गुनाचं ऊन, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टँकरची वाट बघत मांडलेल्या घागरींच्या रांगा. लालासाहेब समोर बघत होता. मागनं धोंडुबाई 'सोस बाई, सोस' म्हणत होती. राजनंदिनी सुरुवातीला किंचाळत होती. मग एकाएकी गप झाली. लालासाहेबानं समोर बघतच मागं हाक मारली.

"हाय नव्हं? धोंडुबाई, हाय नव्हं ती?"

"हाय," धोंडुबाईचा आवाज चमत्कारिक झाला होता. "शानी झालीया. हसतीया बग."

गाडी खड्ड्यातनं आपटत होती आणि राजनंदिनी शांत आवाजात म्हणाली, सासूला नव्हे, सुईणीला नव्हे, "भावजी, माज्या डोईखाली मांडी हाय कुनाची तरी."

रंगूबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. धम्मपालनं मागं वळून बघितलं, आणि पुन्हा समोर बघितलं, आणि मिरज येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

"केस माघारी घ्यायल्यात," ती म्हणाली. "कपाळावरचं. धक्का आला की हात आडवा धरायल्यात." आणि मग रडत रडत, हळू, कुणाशी तरी भांडल्यासारखी म्हणाली, "मी जावा म्हनलं हुतं की ओ तुमास्नी. जावा म्हनलं तरी ऱ्हायलासा?"

लालासाहेबाला रस्ता दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि गाडी जोरात हाणली.

मिरजेच्या दवाखान्यात तिला थेट आत घेतलं. पोट फाडावं लागलं. दिवस मावळायच्या आत नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगी आहे, बारीक आहे, पण रडली चांगली, आई बरी आहे. रंगूबाईनं तिथंच फरशीवर डोकं टेकलं. धोंडुबाई म्हणाली, "साखर आना रं कुनीतरी."

आणि लालासाहेब पळत सुटला. साखर आणायला नव्हे, गाडीकडं. मधे एका खाटेला धडकला, एका म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या, पण त्याला कशाचंच भान नव्हतं. मागचं दार उघडून, धापा टाकत, तोंडभर हसत तो म्हणाला, "भाऊ, पोरगी झाली! बारीक हाय, पन रडली चांगली म्हनत्यात!"

आणि त्याला कळलं. कसं कळलं ते त्याला कधी सांगता आलं नाही. बाक तोच, रेक्झिन तेच, त्यावर भावजयीच्या घामाचा ओला डाग. पण आपण मोकळ्या गाडीशी बोलतोय हे त्याला कळलं, जसं घरात पाऊल टाकल्याबरोबर घरात कुणी नाही हे कळतं. आजवर त्यानं त्या कोपऱ्याला पावसापाण्याच्या गप्पा सांगितल्या होत्या. खरी सांगण्यासारखी गोष्ट आज पहिल्यांदाच घडली होती, आणि ऐकायला कुणी नव्हतं. मग तो रडला. आग देताना न रडलेला माणूस, मिरजेच्या भर वर्दळीत, गाडीच्या दाराला कवटाळून पोरासारखा हुंदके देत रडला. येणारे-जाणारे म्हणाले, कुणीतरी गेलेलं दिसतंय बिचाऱ्याचं.

तो आत आला तेव्हा राजनंदिनी शुद्धीवर आली होती. पोर रंगूबाईच्या मांडीवर. राजनंदिनीनं पदर पुढं ओढला नाही. त्याच्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "हायती का?"

लालासाहेबानं मान हलवली. "न्हाई. गेला."

तिनं नजर वर पंख्याकडं नेली. मग तिच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं ओघळायला लागलं.

"इतकं म्हैनं अंगनात हुतं," ती म्हणाली. "माज्या दारापास्नं दहा पावलांवर. तुमी रोज बोलत बसायचासा, मला आतनं आवाज यायचा. मला वाटायचं, भावजींस्नी याड लागलंय." तिनं पोरीकडं बघितलं. "मी एकदाबी जाऊन बसले न्हाई ओ त्यांच्याजवळ."

लालासाहेब खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला. गाडीच्या सावलीला जाऊ नको म्हणणारी रंगूबाई खाली मान घालून बसली होती. तेवढ्यात पोरगी रडायला लागली, तशी रंगूबाईनं डोळे पुसले आणि तिला उचलून आईच्या कुशीत दिली.